प्रतिसाद आधी, उत्क्रांती नंतर: नववी-दहावीच्या विज्ञान शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्यानं मार्गदर्शन

दहावीच्या वर्गात विचारा, "बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी परत कशी आली?" (बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारी, जनुक बदललेली कपाशी.) परभणी असो, बीड असो की जालना, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "सर, अळीला सवय झाली." पोरांनी हे वाक्य घरून, बांधावरून आणलेलं असतं. परीक्षेतही ते तसंच उतरतं आणि गुण जातात.

या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एखादा जीव त्याच्याच आयुष्यात भोवतालच्या बदलाला जे उत्तर देतो, तो प्रतिसाद. पिढ्यांमागून पिढ्या समूहातल्या गुणांचं प्रमाण बदलत जातं, ती उत्क्रांती. राज्य मंडळाच्या पुस्तकात पहिला भाग नववीला 'सजीवांमधील जीवनप्रक्रिया' या पाठात येतो आणि दुसरा दहावीच्या दुसऱ्या भागात पहिल्याच पाठाला, 'आनुवंशिकता व उत्क्रांती'मध्ये. मध्ये उन्हाळ्याची सुट्टी जाते आणि दोन्हींचा सांधा कुणीच लावत नाही. म्हणून दहावीला उत्क्रांती सुरू करण्याआधी प्रतिसादाचे दोन-तीन तास पुन्हा घ्याच. ते तास वाया जात नाहीत, पुढची निम्मी गल्लत तिथेच मिटते.

## 1. तयारी: काही वस्तू आदल्या हंगामातच गोळा कराव्या लागतात

दहावीचा हा पाठ जून-जुलैत येतो. तेव्हा कपाशी नुकतीच टोबलेली असते, बोंड कुठलं आणि अळी कुठली! त्यामुळे डोमकळ्यांचे (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेल्या फुलांचे) आणि किडक्या बोंडांचे फोटो आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात-दिवाळीत काढून ठेवा. किडकं बोंड आणि अळी प्रत्यक्ष ठेवायची असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा. किडकी बोंडं पिशवीत भरून शाळेच्या कपाटात ठेवू नका, आतली अळी कोषात जाते आणि पुढे पतंग होऊन बाहेर पडते. एखाद्या पालकाकडून जुना कामगंध सापळा (मादीसारख्या गंधानं नर पतंग ओढणारा) मागून घ्या, तो पाचव्या टप्प्यात लागेल.

आठवडाभर आधी हे जमवा: घरची पांढरी ज्वारी किलोभर, हरभरा मूठभर, काळी शाई, चपलांचे किंवा बुटांचे रिकामे खोके, गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी फॉइल, 30 सेंटिमीटरच्या पट्ट्या, मोठ्या पराती आणि शेतातली कोरडी काळी माती. ढेकळं आधीच फोडून घ्या. लाजाळूचं रोप आपल्याकडच्या कोरड्या भागात सहज दिसत नाही, नर्सरीतून एक कुंडी आणली की वर्षभर पुरते.

खबरदारी: पेरणीसाठी आणलेलं पाकिटातलं बियाणं वापरू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंगावरून ते ओळखू येतं. खाण्याची ज्वारीच घ्या, आणि ती उगवते का हे दहा दाणे ओल्या कापडात ठेवून आधी पाहा.

## 2. ज्वारीचा कोंब उजेडाकडे वाकवणे

प्रकाशानुवर्तन, म्हणजे रोपाचं उजेडाच्या दिशेनं वळणं, दाखवायला बहुतेक शाळांत मुगाची रोपं खिडकीत ठेवतात. रोपं वाकतात, पोरं "झाड उजेडाकडे जातं" असं लिहितात आणि विषय संपतो. उजेड कुठल्या भागाला कळला, वाकलं कुठे आणि कसं, हे मुगावरून दाखवणं अवघड. ज्वारीवरून सोपं. तिच्या कोवळ्या पानाभोवती एक बंद म्यान असतं आणि उजेडाची दिशा त्या म्यानाच्या टोकाला कळते.

ज्वारी रात्रभर भिजवा, ओल्या मातीच्या तीन वाट्यांत पेरा आणि पूर्ण अंधारात ठेवा. जूनच्या उकाड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दोन सेंटिमीटरच्या आसपास येतात. पान म्यान फोडून बाहेर येण्याआधीच प्रयोग करायचा, हिरवं पान दिसलं की उशीर झाला. पहिल्या वाटीतले कोंब तसेच ठेवा. दुसऱ्या वाटीतल्या कोंबांच्या फक्त टोकांना फॉइलच्या बारीक टोप्या घाला. तिसऱ्या वाटीतल्या कोंबांना टोक उघडं ठेवून खालच्या भागाभोवती फॉइल सैलसर गुंडाळा. मग तिन्ही वाट्या आतून काळ्या केलेल्या खोक्यात ठेवा आणि खोक्याला एकाच बाजूनं बोटभर भोक पाडा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या आणि तिसऱ्या वाटीतले कोंब भोकाकडे वाकलेले दिसतात, टोपीवाले सरळ असतात. आता कारण सांगा. ऑक्झिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि म्हणून कोंब उजेडाच्या बाजूला झुकतो.

उत्तरपत्रिकांत इथे दोन चुका सतत दिसतात. एक, "सावलीच्या बाजूला जास्त पेशी तयार होतात." तसं होत नाही, असलेल्या पेशीच जास्त लांबतात. दुसरी, "झाडाला ऊन हवं असतं म्हणून ते वाकतं." हे दुसरं वाक्य इथेच खोडून काढा. कोंबाला वाकायची इच्छा नसते, एका बाजूच्या पेशी लांबल्या म्हणून तो वाकतो. 'हवं म्हणून झालं' ही विचाराची सवय इथे राहिली, तर ती उत्क्रांतीच्या पाठात जिराफाच्या मानेला जाऊन चिकटते.

तपासा: टोपीवाले कोंबही वाकले असतील तर टोपी तोकडी आहे किंवा पातळ कागदाची आहे. सगळेच कोंब सरळ राहिले असतील तर खोक्याच्या झाकणाच्या फटीतून उजेड येत असणार. पाणी घालताना कुणी वाटी फिरवली नाही ना, तेही विचारा.

## 3. मूळ, लाजाळू आणि चिंच

मोड आलेले हरभरे ओल्या टिपकागदावर टाचणीनं टोचा, कागद काचेच्या ग्लासात आतून चिकटवा आणि मुळं खाली असताना ग्लास अंधारात ठेवा. दुसऱ्या दिवशी ग्लास आडवा करा. दिवसभरात मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं.

टिपकागद सगळीकडे सारखा ओला हवा. खालीच पाणी साचलं तर मूळ गुरुत्वाकडे वळलं की पाण्याकडे, याचा निर्णय करता येत नाही. अंधारही त्यासाठीच, नाहीतर उजेडाची शंका राहते. एका वेळी एकच उद्दीपन (जीव ज्याला प्रतिसाद देतो ती गोष्ट) बदलायचं हे पोरांना इथे शिकवता येतं, आणि ते नुसतं सांगून कळत नाही.

लाजाळूला मात्र अनुवर्तन (उद्दीपनाच्या दिशेनुसार वाढून वळणं) म्हणू देऊ नका. पानाच्या देठाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशींमधून पाणी बाहेर जातं आणि पान मिटतं. तिथे वाढ होत नाही, दिशाही उद्दीपनावर ठरत नाही. म्हणूनच पंधरा-वीस मिनिटांत पान पुन्हा उघडतं, तर वाकलेला कोंब वाढूनच सरळ होतो. पुस्तकातल्या वृद्धी-संलग्न आणि वृद्धी-असंलग्न हालचालींमधला फरक यातून कळतो. घरचा अभ्यास म्हणून चिंचेची फांदी दुपारी आणि दिवस मावळल्यावर पाहायला सांगा. चिंच मराठवाड्यात कुठे नाही! तिची पानं रात्री मिटतात, तीही वाढीशिवाय.

सूर्यफुलाचं उदाहरण द्याल तर पूर्ण द्या. कोवळं रोप आणि कळी दिवसभर सूर्यामागे वळतात, फूल पूर्ण उमललं की ते बहुधा पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतं. लातूर-धाराशिवकडच्या पोरांनी हे शेतात पाहिलेलं असतं आणि "आमचं तर फिरत नाही" म्हणणारा बरोबर असतो.

## 4. माणसाचा प्रतिसाद: पट्टी पकडणे

एकानं पट्टी वरून धरायची, दुसऱ्यानं शून्याच्या खुणेशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा पकडतो. किती सेंटिमीटरवर पकडली यावरून वेळ निघतो: 10 सेंटिमीटरला सुमारे 0.14 सेकंद, 15 ला 0.17, 20 ला 0.20, 25 ला 0.23, 30 ला 0.25. प्रत्येकाचे पाच वेळा मोजून सरासरी काढा. सोडणारा "एक, दोन" म्हणत असेल तर ती मोजणी बाद करा.

इथली मोठी चूक शिक्षकांकडूनच होते. पट्टी पकडणं ही प्रतिक्षिप्त, म्हणजे न ठरवता आपोआप होणारी, क्रिया नाही. पट्टी सुटलेली डोळ्यांनी पाहिली, मेंदूनं ठरवलं, हाताच्या स्नायूंना आज्ञा गेली, म्हणजे ती ऐच्छिक क्रिया झाली. प्रतिक्षिप्त क्रिया दाखवायची तर जोडीदाराला एक डोळा तळहातानं अर्धा मिनिट झाकायला सांगा आणि हात काढताच बाहुली आकसताना पाहा. ती ठरवून थांबवता येत नाही. मोबाइलचा टॉर्च डोळ्यांत मारू देऊ नका, खिडकीचा उजेड पुरतो.

रोज सराव करून पट्टी लवकर पकडता येते, हेही नोंदवून घ्या. मग विचारा: "तुझ्या सरावामुळे पुढं तुझं बाळ जन्मतःच चपळ होईल का?" वही मिटण्याआधी सगळ्यांचं लेखी उत्तर घ्या. पुढच्या टप्प्याला ते लागतं.

## 5. सांधा: एक जीव की अख्खा समूह?

आता कामगंध सापळा टेबलावर ठेवा. त्यातल्या ल्युअरला (गंधाच्या गोळीला) गुलाबी बोंडअळीच्या मादीसारखा गंध असतो, नर पतंग त्या दिशेनं येतो आणि अडकतो. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ-आठ पतंग दिसले की उपाय सुरू करायचा, हे शेतकऱ्यांना सांगितलेलं असतं. गंध हे उद्दीपन, उडत येणं हा प्रतिसाद. एक पतंग, एक रात्र.

लगेच त्याच किडीबद्दल दुसरा प्रश्न: "पूर्वी बीटी बोंड खाऊन मरणारी ही कीड आता का मरत नाही?" फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे 'एका जिवाच्या आयुष्यात', उजवीकडे 'समूहात, पिढ्यांमध्ये'. मग वाक्यं द्या आणि पोरांना ती कुठे जातात ते ठरवू द्या. कोंब वाकला. पतंग सापळ्यात आला. उन्हात फिरून कातडी रापली. पावसानंतर शंखी गोगलगाय रात्री सोयाबीनवर चढली. बोंडअळीच्या समूहात बीटीला न मरणाऱ्या अळ्यांचं प्रमाण वाढलं. शेवटचं वाक्य सोडून सगळी डावीकडे जातात. रापलेल्या कातडीवरून वर्गात वाद होतो, तो होऊ द्या.

तपासा: पाचपैकी चार जणांना शेवटचं वाक्य उजवीकडे का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## 6. परातीतली नैसर्गिक निवड

आदल्या दिवशी निम्म्या ज्वारीला काळी शाई लावून सुकवा. एकाच धान्याचे दाणे हवेत. उडीद आणि चवळी घेतली तर पोरं रंगावरून नाही, आकारावरून उचलतात आणि निकाल भलताच लागतो. दाणे रंगवताना पोरांना पाहू देऊ नका, नाहीतर "दाण्याला रंग नंतर आला" ही समजूत आपणच पेरतो. खेळापुरतं एवढंच सांगा: हे किडे आहेत, रंग आई-बापाकडून येतो.

परातीत काळी माती पसरा, 40 काळे आणि 40 पांढरे दाणे मिसळा. चौघांचा गट, तिघं पक्षी आणि एक नोंद ठेवणारा. पक्ष्यानं एका वेळी एकच दाणा उचलायचा आणि प्रत्येक दाण्यानंतर मान वर करायची. एकूण 40 उचलले की थांबा.

आता मातीत काय *उरलं* ते मोजा. समजा 28 काळे आणि 12 पांढरे उरले. प्रत्येक उरलेल्यामागे त्याच रंगाचा एक दाणा घाला, म्हणजे पुढची पिढी 56 काळे, 24 पांढरे. अशा तीन-चार पिढ्या करा. वर्गातल्या एका गटाला मात्र डोळे बांधून उचलायला लावा. त्यांच्या परातीत आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण सगळ्या पिढ्या मिळून एकाच दिशेला सरकतीलच असं नाही. निवड नसली की काय होतं, हे त्या परातीत दिसतं, म्हणून तो गट गाळू नका.

मग उरलेल्या काळ्या-पांढऱ्या मिश्रणासकट मातीवर ज्वारीचा पिवळट भुसा पसरा आणि दोन पिढ्या पुन्हा खेळा. चांगला गुण म्हणजे कायमचा चांगला, ही समजूत इथे मोडते.

नेहमी होणाऱ्या चुका अशा: उचललेल्यांची नोंद होते आणि उरलेल्यांची राहते. प्रजननाची पायरी विसरली जाते, मग परात नुसती रिकामी होत जाते. आणि शिक्षकाच्या तोंडून निघतं, "बघा, किडे काळे झाले." एकही दाणा काळा *झालेला* नाही. म्हणून खेळ संपल्यावर पहिला प्रश्न हाच ठेवा: "एकाही दाण्याचा रंग बदलला का? मग परात काळी कशी झाली?" उत्तरात चार गोष्टी आल्या पाहिजेत. फरक आधीपासून होता, तो वारशानं जात होता, काही जास्त जगले, त्यांची पिल्लं जास्त झाली.

यानंतरच लॅमार्क घ्या, म्हणजे आयुष्यात मिळवलेले गुण पिल्लांत उतरतात असं मानणारा शास्त्रज्ञ. आधी घेतला तर तोच डोक्यात बसतो, कारण त्याची गोष्ट सोपी आहे. मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरत नाहीत यासाठी लांब जायला नको. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कान टोचतात, तरी प्रत्येक बाळाचे कान नव्यानं टोचावे लागतात. चौथ्या टप्प्यातलं पट्टीचं लेखी उत्तर आता परत द्या आणि ज्याचं त्यानं दुरुस्त करावं.

## 7. बोंडअळी फळ्यावर

बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये आलं, आणि 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रात मोठं नुकसान केलं. एवढे आकडे पुरेत.

आनुवंशिकतेचा भाग इथे कामाला येतो. 'स' म्हणजे बीटीला बळी पडणारं जनुक, 'प' म्हणजे प्रतिकार देणारं. प्रतिकार अप्रभावी धरा: सस मरते, सप मरते, फक्त पप जगते. खऱ्या शेतातलं चित्र यापेक्षा गुंतागुंतीचं असतं, पण वर्गासाठी हे पुरतं. आता दोन संकर सोडवायला द्या. सगळीकडे बीटीच असेल तर वाचलेला पप नर आणि वाचलेली पप मादी, सगळी पिल्लं पप, सगळी जगतात. शेजारी बिगर-बीटीच्या ओळी असतील तर तिथून भरपूर सस पतंग येतात. पप आणि सस यांची सगळी पिल्लं सप, आणि ती बीटी बोंडावर मरतात. बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमची बिगर-बीटीची वेगळी पुडी कशासाठी यायची, याचं उत्तर पोरं स्वतः काढतात. तो क्षण घाईत घालवू नका.

हुशार पोरगं विचारतंच: "मंग हिरवी बोंडअळी काहून नाही आली तशी?" हिरवी बोंडअळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. ती तुरीवर, हरभऱ्यावर जगते, म्हणजे बीटी नसलेलं खाद्य तिला भोवतीच मिळतं आणि बळी पडणारी जनुकं टिकून राहतात. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते. त्यात फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही कपाशी न उपटता पुढे चालू ठेवली) की तिला वर्षभर आसरा मिळतो आणि बीटीची निवड आणखी पिढ्या चालते. हे एक मोठं कारण.

खबरदारी: वर्गात अनेकांच्या घरचं कापसाचं नुकसान झालेलं असतं. "तुमच्या वडिलांनी पुडी पेरली नाही" असा सूर येऊ देऊ नका. कारणं समजावून सांगायची आहेत, दोष द्यायचा नाही.

## 8. पुरावे आणि माकडाचा प्रश्न

पुराव्यांचा भाग लवकर घेता येतो, पण दोन ठिकाणी थांबा. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, त्यात जीवाश्म शोधणाऱ्या पोरांच्या हाती काही लागत नाही. जीवाश्म गाळाच्या थरांत टिकतात. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोडा यांची हाडं मिळाली आहेत, हे सांगितलं की पोरं नदीकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. दुसरं, कार्बन वयमापन. कार्बन-14 चा अर्धायुकाल (तो निम्मा होण्याचा काळ) 5730 वर्षं, त्यामुळे ही पद्धत सुमारे 50,000 वर्षांपर्यंतच चालते. "डायनोसॉरचं वय कार्बननं काढतात" हे उत्तर चूक द्या.

"माकडाचा माणूस झाला, तर आत्ताची माकडं काहून होईनात?" हा प्रश्न टाळू नका आणि विचारणाऱ्याला हसू देऊ नका. चुलतभाऊ एकमेकांपासून जन्मत नाहीत, त्यांचा आजा एक असतो. माणूस आणि चिंपँझी यांचे पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. दोघंही तेव्हापासून आपापल्या वाटेनं बदलत आले आहेत. फळ्यावर माकड ते माणूस अशी सरळ रांग काढू नका, फांद्या फुटलेलं झाड काढा. घरच्या श्रद्धेचा प्रश्न कुणी काढला तर वाद न घालता एवढंच सांगा की या तासाला आपण पुराव्यावरून काय कळतं ते शिकतो आहोत.

## 9. प्रश्नपत्रिका आणि गुण

'नैसर्गिक निवड म्हणजे काय' असा प्रश्न दिलात तर पाठ केलेलं उत्तर येईल. त्याऐवजी न शिकवलेला प्रसंग द्या: "एका गावात डास मारायचं औषध काही वर्षांनी चालेनासं झालं. कारण लिहा." तीन गुण असे द्या: न मरणारे काही डास आधीपासून होते याला एक, औषधानं बाकीचे मेले आणि ते उरले याला एक, त्यांची पिल्लं वाढली याला एक. "डासांना सवय झाली" किंवा "डासांनी स्वतःला बदललं" एवढंच असेल तर शून्य, आणि समासात लिहा: एक डास की समूह? तो प्रश्न वाचून उत्तर पुन्हा लिहून आणणाऱ्याला गुण वाढवून द्या.